पिरॅमिड मोडला म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांना

अर्धकच्चा_अप्रेंटिस

'व्हँपायर: द मॅस्करेड' या टेबलावर बसून खेळायच्या भूमिका-खेळाच्या 'आवडता क्लॅन' (म्हणजे आवडतं व्हँपायर घराणं) धाग्यावर फासेबहाद्दर यांनी काल लिहिलं: "ट्रेमेर खेळणं म्हणजे कॅरेक्टर शीटवर नोकरीचा अर्ज भरणं. पाचव्या आवृत्तीनं व्हिएन्ना उडवलं, हे व्हँपायरच्या इतिहासातलं सगळ्यात शहाणं काम." खाली +१ ची रांग. तिथेच उत्तर द्यायला बसलो, पण ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतोय. जिलबी वाटली तर पुढे जा.

बाकीच्या क्लॅनना शाप वारशानं मिळाला. ट्रेमेर क्लॅनच्या या जादूगारांनी तो चोरला. जादू आटत चालली, आयुष्य वाढवणारी औषधं काम करेनात, तेव्हा त्यांच्यातल्या गोराट्रिक्सनं झिमिसी क्लॅनचं रक्त वापरून विधी रचला आणि १०२२ मध्ये त्यांचा म्होरक्या ट्रेमेर आणि त्याचं अंतर्मंडळ व्हँपायर होऊन बसलं. पुढे ११३३ मध्ये झोपलेल्या सॉलोट या प्राचीन व्हँपायरला पिऊन ट्रेमेर थेट तिसऱ्या पिढीत (पिढी जितकी जुनी, तितकी ताकद जास्त). मग सॉलोटच्या वंशाची, म्हणजे सालूबरींची, वेचून वेचून शिकार. आणि वर जगभर बोभाटा काय, तर सालूबरीच आत्मे खातात! आधी घर लुटायचं, मग मालकाला मारायचं आणि शेवटी मालकच दरोडेखोर होता हे पंचांकडून वदवून घ्यायचं. अख्ख्या वर्ल्ड ऑफ डार्कनेसमध्ये याच्या तोडीचा कावेबाजपणा मला दाखवा.

हे सगळं आठ-नऊ शतकं टिकलं ते पिरॅमिडमुळे. वर सात काउन्सिलर, खाली पाँटिफेक्स, लॉर्ड, रीजंट (एका चँट्रीचा, म्हणजे ट्रेमेरच्या मठाचा प्रमुख) आणि तळाला अप्रेंटिस. त्यातही प्रत्येक पायरीवर सात वर्तुळं. नव्या ट्रेमेरला पहिल्याच रात्री सातही वडीलधाऱ्यांचं रक्त प्यावं लागायचं. एकाच व्हँपायरच्या रक्ताच्या तीन घोटांत पिणारा त्याचा गुलाम म्हणून बांधला जातो, त्यातला एक जन्मालाच घालून ठेवलेला! टेबलावर याचा अर्थ असा की प्रिन्स, म्हणजे शहरातल्या व्हँपायरचा राजा, एक सांगतो, रीजंट नेमकं उलटं सांगतो आणि तुमची टोळी तिसरीकडेच निघालेली असते. स्टोरीटेलरनं (खेळ चालवणाऱ्यानं) काहीही तयारी न करता संध्याकाळ रंगते.

आता पाचवी, २०१८ ची आवृत्ती बघा. सेकंड इन्क्विझिशन, म्हणजे व्हँपायरची शिकार करणारी माणसं, २००८ मध्ये व्हिएन्नातली मुख्य चँट्री उडवते, पिरॅमिड कोसळतो आणि ट्रेमेरचं रक्त इतकं नासतं की दुसऱ्या व्हँपायरला बांधणंच जमत नाही. कट करायला वर कोणी तरी असावं लागतं, हे लिहिणाऱ्यांना सुचलंच नाही. उरला काय, तर टोपी घातलेला जादूवाला.

फासेबहाद्दर

माझ्या दोन ओळींवर एवढा मोठा निबंध! धन्य झालो.

अहो, "प्रिन्स एक सांगतो, रीजंट उलटं सांगतो" हे कागदावर फार छान दिसतं. मी दीड वर्ष ट्रेमेर खेळलोय. रीजंट म्हणजे स्टोरीटेलरच्या हातातला चाबूक, बाकी काही नाही. टोळीला बंदराकडे जायचंय आणि स्टोरीटेलरनं तिकडचं काही लिहिलेलं नाही. लगेच "रीजंटनं बोलावलंय". मी कुणाशी मैत्री केली, की "रीजंटला हे पसंत नाही". एकदा मी अडून बसलो. मग घोट काढला! म्हणाला, एक पायरी आधीच आहे, आज दुसरी पाजतो. सेशनच्या शेवटी माझ्याच हातानं माझ्याच टोळीतल्या गॅंग्रेल क्लॅनच्या कॅरेक्टरला ट्रेमेरच्या ताब्यात दिलं. का? गार्गॉइल (दगडी पहारेकरी) बनवायला गॅंग्रेल लागतो म्हणे. ती गॅंग्रेल खेळणारी मुलगी पुन्हा टेबलावर आली नाही.

तुम्हाला वर कोणी तरी हवं असतं. मला खेळायचं असतं. सात वर्तुळांपैकी दुसऱ्या वर्तुळापर्यंतसुद्धा कोणाचा अप्रेंटिस पोहोचलेला मी पाहिलेला नाही. रीजंट होणं तर लांबच.

नवशिक्या_०४

मी फक्त ब्लडलाइन्स हा कंप्युटर गेम खेळलोय, २००४ वाला. त्यातला स्ट्राउस किती सभ्य आहे! ट्रेमेर घेतलं तर चँट्रीत राहायला खोली पण देतो. एवढा काही जुलूम वाटला नाही मला.

फासेबहाद्दर

खोली देतो. बरोबर. नजरेसमोर ठेवायला आणखी सोपी जागा कोणती, सांगा बघू.

व्हेनिसवाली

इथे नेहमीप्रमाणे व्हिएन्नाच्या नावानं गळे काढणं सुरू आहे, म्हणून मधे बोलते. घराणं घराणं म्हणून ज्याचं कौतुक चाललंय, त्यात रक्ताचं नातं कुणाचं कुणाशी आहे? ट्रेमेर कुठूनही हुशार पोरं उचलतात. जिओव्हानी क्लॅन बघा. व्हेनिसचं व्यापारी कुटुंब. घेतात ते आपल्याच भाच्यांना, पुतण्यांना. मेलेल्या आजीचं भूत सुद्धा घरच्याच कामाला. १४४४ मध्ये ऑगस्टस जिओव्हानीनं ज्यानं त्याला आत घेतलं त्या कपाडोशियसलाच संपवलं आणि क्लॅनचा क्लॅन गिळला. १५२८ मध्ये कामारिलाशी, म्हणजे व्हँपायरच्या मोठ्या संघटनेशी, करार केला की आम्ही तुमच्या राजकारणात पडणार नाही, तुम्ही आमच्यात पडू नका. आणि मग निवांतपणे पैसा आणि प्रेतं गोळा करत बसले. कावेबाजपणा असा असतो, ओरडून सांगावा लागत नाही.

पाचव्या आवृत्तीनं आमचं काय केलं? हेकाटा नावाच्या एका पोत्यात जिओव्हानी, उरलेले कपाडोशियन, हार्बिंजर, सामेदी, सगळे कोंबले. त्यावर एक धागा निघाला नाही कधी. व्हिएन्नाची एक इमारत काय पडली, लोक काळ्या फिती लावून बसलेत.

अर्धकच्चा_अप्रेंटिस

जिओव्हानींबद्दल वेगळा धागा काढा, मी येऊन +१ देतो. इथे नको.

फासेबहाद्दर, तुमच्या स्टोरीटेलरला बंदर लिहायचा कंटाळा होता, हा पिरॅमिडचा दोष कसा? त्याच माणसाला व्हेंट्रू क्लॅनचा प्रिन्स दिला असता तर प्रिन्सनं बोलावलं असतं. आणि गॅंग्रेलला ताब्यात देणं हा तुमच्या कॅरेक्टरच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रसंग होता. आजही तुम्ही तो तावातावानं सांगताय. मग खेळ फसला कसा?

फासेबहाद्दर

दात दुखलेला सुद्धा मी तावातावानं सांगतो.

जुना_हर्मेटिक

सगळे व्हँपायर आला त्या १९९१ पासून सुरुवात करतात. त्याआधी १९८७ मध्ये ट्वीट आणि राइन-हेगननं आर्स मॅजिका हा जादूगारांचा खेळ काढला, तेव्हाच ट्रेमेर होते. जिवंत माणसं! ऑर्डर ऑफ हर्मीस या जादूगारांच्या संघाच्या बारा घराण्यांपैकी एक. व्हँपायरवाल्यांनी ते पळवलं, दात लावले आणि आता त्यांचीच पोरं विचारतात की हे कुठून आलं.

आमच्या ट्रेमेरला कट करायला रक्त पाजावं लागत नाही. शिष्य पूर्ण मॅगस (जादूगार) झाला, तरी त्याचं सिजिल, म्हणजे ट्रिब्युनल या सभेतलं मत, गुरूकडेच राहतं. सर्टामेन या जादूच्या द्वंद्वात गुरूला हरवल्याशिवाय ते परत मिळत नाही. आणि सर्टामेन हे द्वंद्व शोधून काढलं कुणी? ट्रेमेरनंच. म्हणजे ज्या खेळात आपण पक्के, तोच खेळ जिंकल्याशिवाय मोकळीक नाही, असा नियम करून ठेवलेला. एक म्हातारा सभेत उठतो आणि सहा-सात मतं एकट्यानं टाकतो. बाकीची घराणी दात ओठ खातात, पण नियमात बसतं. याला म्हणतात रचना. अ‍ॅटलसच्या आर्स मॅजिकाच्या पाचव्या आवृत्तीतही (२००४) ती शाबूत आहे, आणि एकही व्हँपायर न घालता.

अर्धकच्चा_अप्रेंटिस

तुम्ही माझीच बाजू मांडताय हे लक्षात येतंय ना?

जुना_हर्मेटिक

मी कुणाचीच बाजू मांडत नाही. मी चोरी झाली त्याची तक्रार नोंदवतोय.

चारचौघांत

कोणी मूळ दुखण्याबद्दल बोलणार आहे का? चिठ्ठ्या!

ट्रेमेर टेबलावर आला की चिठ्ठ्या आल्या. ऑनलाइन असेल तर खासगी मेसेज. पाच मिनिटांसाठी म्हणून स्टोरीटेलर आणि ट्रेमेरवाला बाहेर जातात. पाऊण तास आम्ही चौघं एकमेकांची तोंडं बघतोय. परत येतात तेव्हा दोघांच्या चेहऱ्यावर ते गूढ हसू. त्या पाऊण तासात काय झालं ते आम्हाला कधीच कळणार नसतं, कारण "गुपित आहे". अरे, मग मी का आलो? घरी बसून माझं मी एकट्यानं गुपित ठेवलं असतं.

पिरॅमिड गेला, चिठ्ठ्या गेल्या. म्हणून पाचव्या आवृत्तीला माझा दंडवत.

फासेबहाद्दर

+१००. हे लिहायचंच राहिलं होतं.

अर्धकच्चा_अप्रेंटिस

चिठ्ठ्या ट्रेमेरनं आणल्या? नोस्फेराटू क्लॅनवाला माहिती विकतो ती कशी विकतो, भर चौकात? मालकेव्हियनला दिसलेलं सगळ्यांना वाचून दाखवता? गुप्तता हा या खेळाचा प्राण आहे. खेळाच्या नावातच मुखवटा आहे, राव.

चारचौघांत

नावात मुखवटा आहे, मान्य. तो माणसांपासून लपायला आहे. माझ्यापासून का लपताय? मी चिप्सचं पाकीट धरून तुमच्या शेजारी बसलोय.

रात्रीचर

लार्पवाल्याचं, म्हणजे हाच खेळ नाटकासारखा वावरून खेळणाऱ्याचं, ऐका. माइंड्स आय थिएटरमध्ये (१९९३ पासून) आम्ही फासे टाकत नाही, दगड-कागद-कात्री करतो. तीस-चाळीस लोक एका हॉलमध्ये. तिथे ट्रेमेर कोपऱ्यात जाऊन कुजबुजले तरी कोणी रिकामं बसत नाही, कारण प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात कुजबुजतच असतो. पिरॅमिड तिथे सुंदर चालतो. रीजंट म्हणजे खरा माणूस असतो, त्यालाही वर हिशेब द्यायचा असतो, त्यालाही घाम फुटतो. अडचण तुमच्या पाच जणांच्या टेबलाची आहे. हत्ती खाटेखाली बांधायचा आणि मग खाट मोडली म्हणून रडायचं.

चारचौघांत

चाळीस लोक गोळा करून द्या, लगेच सुरू करतो. आमच्याकडे पाचवा माणूस मिळायची मारामार.

अर्धकच्चा_अप्रेंटिस

म्हणजे मुद्दा एवढाच, की तुमच्या टेबलावर पाचच जण आहेत म्हणून व्हिएन्ना पाडायचं.

चारचौघांत

हो. बहुतेक टेबलांवर पाचच जण असतात. खेळ त्यांच्यासाठी लिहितात, तुमच्या मनातल्या व्हिएन्नासाठी नाही. खरं सांगू का, तुम्हाला सोबत खेळायला माणसं नकोतच. तुम्ही किती हुशार आहात हे बघायला प्रेक्षक हवेत.

अर्धकच्चा_अप्रेंटिस

आता वैयक्तिक होतंय. मीही होऊ शकतो. तुम्हाला सगळं समोर हवं, कारण समोर नसलेलं ओळखायचे कष्ट नकोत. माझ्या टेबलावर एकीनं रीजंटच्या मेजावरचं पत्र उघडं पाहिलं. फासे नाहीत, काही नाही. पुढच्या सेशनला तिनं फक्त विचारलं, "तुझ्या पत्राच्या मोहरेची लाख वेगळ्या रंगाची का होती?" मला घाम फुटला. माझा कट तिनं एका प्रश्नात उघडा पाडला. चिठ्ठ्या नसत्या तर हे झालंच नसतं.

चारचौघांत

तिला लाख दिसली, कारण तुम्ही तिला लाख दाखवलीत. म्हणजे गुपित समोर ठेवल्यावरच मजा आली. माझंच म्हणणं तुम्ही सिद्ध केलंत, आभारी आहे.

व्हेनिसवाली

जिओव्हानींना चिठ्ठ्या लागत नाहीत. सगळं घरातल्या जेवणाच्या टेबलावर ठरतं. सहज म्हटलं.

नवशिक्या_०४

पण मग सालूबरींचं काय? त्यांच्यावर एवढा अन्याय झाला तरी सगळे ट्रेमेरचीच भलामण का करताय? तिसऱ्या डोळ्यानं लोकांना बरं करायचे ते.

फासेबहाद्दर

बाळा, या धाग्यावर न्याय मागायला आलास? इथे चिप्सच्या पाकिटावर भांडण चाललंय.

पडद्यामागची

दोन दिवस वाचतेय, आता राहवत नाही. मी स्टोरीटेलर आहे. वर ज्यांना शिव्या बसल्या त्यांच्यापैकी एक.

आधी अप्रेंटिस यांना. पिरॅमिड पडल्यावर कट करायला कोणी उरलं नाही, असं तुम्ही म्हणता. पुस्तकं पुढे वाचलीत का? जुनं हाउस ट्रेमेर आहे, ज्याला अजून वाटतं आपणच केंद्र. कार्ना ही ट्रेमेरच बंड करून बाहेर पडली. गोराट्रिक्सच्या नावानं एक गट उभा आहे, इप्सिसिमसच्या नावानं आणखी एक. एक आजोबा गेले आणि चार वारस मृत्युपत्रावरून भांडतायत. मला कट लिहायला याहून जास्त काय लागतं? रक्तानं बांधता येत नाही, म्हणून आता प्रत्येकाला दुसऱ्याला पटवावं लागतं, लाच द्यावी लागते, धमकावावं लागतं. पूर्वी घोट पाजून भागायचं. घोट पाजणं हा आळशी कट होता, माफ करा.

आता दुसरीकडे. फासेबहाद्दर आणि चारचौघांत, तुम्ही ज्या चाबकाबद्दल बोलताय तो मीही चालवलाय. मग एकदा वेगळं करून बघितलं. जुनीच आवृत्ती, पिरॅमिड उभा. सगळेच अप्रेंटिस, एकाच चँट्रीत. टोळीत दुसरा क्लॅनच नाही. प्रत्येक खेळाडूला दोन शीट दिली. एक स्वतःच्या अप्रेंटिसचं आणि एक दुसऱ्या कुणाच्या तरी वरिष्ठाचं. चिठ्ठ्यांना बंदी. जे काही व्हायचं ते टेबलावर, सगळ्यांच्या कानांदेखत.

तिसऱ्या सेशनमध्ये काय झालं ते सांगते. लायब्ररीचं कुलूप रात्री कुणी तरी उघडलं होतं. ज्यानं उघडलं तोच खेळाडू त्या दिवशी रीजंट खेळत होता. सगळ्यांना माहीत. तो उभा राहिला, पाठीमागे हात बांधले आणि स्वतःच्याच अप्रेंटिसच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाला, "याच्याबद्दल मला शंका नाही." मग शेजारच्या निरपराध मुलीला तीन रात्री राख चाळायला बसवलं. ती अशी चिडली, की पुढच्या वेळी तिची वरिष्ठ लॉर्ड खेळायची पाळी आली तेव्हा तिनं रीजंटचे हिशेब मागवले. मी नुसती ऐकत बसले होते. बंदर लिहिलं नव्हतं, त्याची गरजच पडली नाही.

जुना_हर्मेटिक

एक खेळाडू, अनेक कॅरेक्टर, आलटूनपालटून! याला ट्रूप प्ले म्हणतात आणि ते आर्स मॅजिकानं १९८७ पासून शिकवलंय. मॅगस, कंपॅनियन (साथीदार), ग्रॉग (शिपाई-गडी). बाई, तुम्ही नकळत घरी परत आलात.

पडद्यामागची

नकळत नाही, तिथूनच उचललं. ट्रेमेरसाठी काही चोरताना अपराधी वाटलं नाही.

चारचौघांत

कानांदेखत, चिठ्ठ्यांना बंदी, कोणी रिकामं नाही. हे मला चालेल. पण ही पिरॅमिडची बाजू नव्हे. हा चिठ्ठीबंदीचा विजय आहे, तशी नोंद व्हावी.

अर्धकच्चा_अप्रेंटिस

नोंद घेतली. सोबत हेही नोंदवा, की ते सगळं जुन्या आवृत्तीत झालं, उभ्या पिरॅमिडखाली. हिशेब मागवायला वर लॉर्ड होती म्हणून रीजंट सापळ्यात सापडला. चार भांडखोर वारसांकडे हिशेब कोण मागणार? आणि पडद्यामागच्या ताई, घोट पाजणं आळशी असेल, पण एक घोट पाजून पुढचे दोन कधी पाजणार ते न सांगणं आळशी नाही. त्या भीतीवर अख्खी कँपेन चालते.

पडद्यामागची

ते चालतं, हे मान्य. खेळाडूला विचारून पाजला असेल तर.

फासेबहाद्दर

बरं. मी व्हिएन्ना उडवल्याच्या टाळ्या मागे घेत नाही. पण दोन शीटवाला प्रकार कोणी चालवणार असेल तर मी येतो. अट एकच. माझ्या अप्रेंटिसचा रीजंट अर्धकच्चा_अप्रेंटिस यांच्याकडे जाता कामा नये.

अर्धकच्चा_अप्रेंटिस

मग तुमचा अप्रेंटिस माझा. मी त्याला पहिल्याच रात्री बंदरावर पाठवणार आहे.

व्हेनिसवाली

सहावी जागा आहे का? माझी जिओव्हानी बाजूच्या खोलीत बसेल, कोणाला त्रास देणार नाही.

चारचौघांत

बाजूच्या खोलीत कोणीही बसणार नाही!